निमंत्रण आणि आग्रह

लग्नकार्याचे बोलावणे आपल्याकडे अक्षत देऊन करतात. अक्षत देणारा दारात येतो, तिथी-वार सांगतो, 'सहकुटुंब या' म्हणतो आणि पुढच्या घराकडे वळतो. तोच जर उंबऱ्यात ठाण मांडून 'येणार की नाही ते आत्ताच सांगा' असे म्हणू लागला, तर शेजारी अक्षत घेईल खरी, पण लग्नाला जाताना त्याचा पाय जड होईल. पंगतीतला आग्रह ही निराळी गोष्ट आहे. तेथे पाहुणा आपण होऊन पाटावर येऊन बसलेला असतो, म्हणून जिलबीचा आणखी एक वेढा त्याच्या पानात पडला तरी तो हसून घेतो. बोलावण्याच्या जागी बोलावणे आणि आग्रहाच्या जागी आग्रह हा विवेक संसारात आपण सहज पाळतो. धर्माचा विषय निघाला की मात्र दोहोंची गल्लत होते. बोलावणाराही ती करतो आणि ज्याला बोलावले तोही करतो.

प्रस्तुत व्याख्यानाचा विषय ख्रिस्ती धर्माच्या निमंत्रणाचा आहे. हा धर्म एकदा जवळून पाहावा असे कोणी आपल्याला सुचविले, तर ते सुचविणे कोणत्या रीतीचे असावे, आणि ऐकणाऱ्याने त्याचे काय करावे, एवढाच प्रश्न मी घेणार आहे. पुण्याला १८७५ साली न्यायमूर्ती रानड्यांनी वसंत व्याख्यानमालेचा पाया घातला, तेव्हापासून या ऋतूत आपण न पटणारे विचारही मांडी घालून ऐकत आलो आहोत. त्या सवयीवर भरवसा ठेवून बोलतो.

आपल्या बुलढाणा जिल्ह्यात ख्रिस्ती माणसे फार थोडी. लोकसंख्येच्या शेकडा एकाहूनही पुष्कळ कमी. 'ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स' या अमेरिकन संस्थेने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस वऱ्हाडात काम सुरू केले आणि अकोला, खामगाव, बुलढाणा अशा गावी तिची ठाणी झाली. त्या कामातून उभ्या राहिलेल्या मंडळ्यांची उपासना आजही मराठीतून चालते. आपण त्या देवळांवरून रोज जातो. नाताळात तेथे टांगलेला कागदी तारा आपल्याला दिसतो, परंतु आत काय म्हणतात, काय मानतात, हे विचारले तर आपल्यापैकी किती जणांना सांगता येईल? शेगावच्या पालखीत कोणते अभंग म्हणतात हे जसे एखाद्या परक्याला ठाऊक नसावे, तसेच हे आहे. शंभर-सव्वाशे वर्षांच्या शेजाराला हे अज्ञान शोभत नाही. आणि ते केवळ आपल्या बाजूचे आहे असेही मला वाटत नाही.

ज्याच्या नावाने हे बोलावणे होते त्या येशूची स्वतःची रीत काय होती, ते आधी पाहू. योहानाच्या शुभवर्तमानात आरंभीच एक लहानसा प्रसंग आहे. दोन तरुण त्याच्यामागून चालू लागतात आणि गुरुजी, आपण कोठे राहता असे विचारतात. तो त्यांना सिद्धांत सांगत बसत नाही. या आणि पाहा, एवढ्याच अर्थाचे बोलतो. ते जातात, पाहतात, आणि तो दिवस त्याच्याजवळ काढतात. दुसरा प्रसंग मार्काच्या दहाव्या अध्यायातला आहे. एक सधन मनुष्य धावत येऊन सार्वकालिक जीवनाची वाट विचारतो. येशूला त्याच्याविषयी माया वाटली असे लेखक मुद्दाम नमूद करतो. तरी त्याने घातलेली अट कठीण होती: असेल ते विकून गरिबांना द्यावे आणि मग मागे यावे. तो मनुष्य खिन्न होऊन परत फिरला. येशू त्याच्या पाठीमागे गेला नाही, अट सैल केली नाही, की त्याला शापही दिला नाही. नकार देऊन जाणाऱ्याला जाऊ दिले आहे, हे या गोष्टीचे मर्म मला वाटते. ज्या निमंत्रणात नकाराला जागा नाही ते येशूच्या रीतीचे नव्हे, असे म्हणायला या एका प्रसंगाचा आधार पुरे आहे.

आता महाराष्ट्रातलेच, आपल्या बाजूशी सांधा असलेले उदाहरण घेऊ. नारायण वामन टिळक यांचा जन्म १८६१ चा, रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचा. संस्कृतात व्युत्पन्न, कविता करणारा, कीर्तन-पुराणात रमणारा, आणि एका नोकरीत फार दिवस न टिकणारा असा हा मनुष्य. १८९३ साली ते नागपूरहून आगगाडीने राजनांदगावला निघाले होते. डब्यात एक गोरे गृहस्थ होते. त्या काळी गोऱ्या माणसाच्या डब्यात नेटिव्हाला काय अनुभव येई, ते निराळे सांगायला नको. या गृहस्थांनी मात्र सरकून जागा दिली आणि बोलणे काढले तेही संस्कृत काव्यावर. बराच वेळ ते चालले. मग त्यांनी टिळकांना ख्रिस्ताविषयी काय वाटते ते विचारले, नव्या कराराची एक प्रत हातात ठेवली, आणि हे नीट वाचलेत तर दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असे भाकीत करून निरोप घेतला. टिळकांना ते भाकीत हास्यास्पद वाटले. पण माणूस भला, म्हणून वाचण्याचे वचन त्यांनी दिले.

या भेटीत काय काय झाले नाही, इकडे मी आपले लक्ष वेधतो. तुमचे देव खोटे, असे त्या गृहस्थांनी म्हटले नाही. नोकरीच्या शोधात असलेल्या या तरुणाला त्यांनी नोकरी देऊ केली नाही. प्रथम त्यांनी त्याच्या घरचे, म्हणजे संस्कृत काव्याचे, चार घास चाखले आणि मग आपल्या घरचे पुढे केले. भाकीत करण्याचा मोह त्यांना आवरला असता तर अधिक बरे झाले असते असे माझे मत आहे, कारण भाकितात थोडासा आग्रह येतोच. असो. टिळकांनी वाचायला घेतले ते वचन दिले म्हणून, आणि सुरुवातीला ते वाचन त्यांना रुचेना. मत्तयाच्या पाचव्या अध्यायापाशी, ज्याला डोंगरावरील प्रवचन म्हणतात तेथे, ते आले आणि मग पुस्तक खाली ठेववेना. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस त्यांनी बाप्तिस्मा घेतला. आपण ख्रिस्ताकडे आलो ते तुकोबांच्या पुलावरून, असे ते पुढे सांगत. ज्याचा पूल आपल्याच मुलखातला आहे, त्याला पलीकडे गेल्यावर अलीकडचा काठ शत्रूचा वाटत नाही. टिळकांचे तसेच झाले.

येथवर ही गोष्ट एका कवीच्या मनाची झाली. परंतु आपल्याकडे मनुष्य एकटा नसतो. ज्या दिवशी टिळक ख्रिस्ती झाले, त्या दिवशी लक्ष्मीबाईंचा संसार उन्मळून पडला. त्या सव्वीस वर्षांच्या होत्या, पदरी लहान मूल, सोवळ्या-ओवळ्यात वाढलेल्या. त्या माहेरच्या माणसांबरोबर पंढरपुराला राहिल्या. नवरा जिवंत असून जवळ नाही, आणि जगाच्या दृष्टीने तो बाटलेला. हे हाल त्यांनी पुढे 'स्मृतिचित्रां'त लिहिले आहेत, आणि विशेष म्हणजे पुष्कळदा हसत हसत लिहिले आहेत. निमंत्रणाचा विचार करणाऱ्याने हा भाग टाळून चालणार नाही. एकाने 'हो' म्हटले की त्याची किंमत दुसऱ्या कोणाला तरी भरावी लागते, आणि तिला कोणी विचारलेले नसते.

पुढे त्या मुलाला घेऊन टिळकांकडे नगरला आल्या, पण ख्रिस्ती व्हायला नव्हे. त्यांचा स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळे, देव वेगळे. टिळक स्वभावाने तापट. त्यांचा राग 'स्मृतिचित्रां'त पानोपानी भेटतो. तथापि या एका बाबतीत त्यांनी बायकोचे सोवळे मोडले नाही. विचारलेल्या प्रश्नाला ते उत्तर देत, आणि न विचारलेल्या प्रश्नाबाबत थांबत. लक्ष्मीबाईंचे मन वळले ते जातीच्या प्रश्नावरून. देवाने माणसे निर्माण केली की जाती, असा विचार करता करता त्यांच्या मनातली विटाळाची गाठ एका रात्री सुटली. मग कोणाच्याही हातचे पाणी चालू लागले, आणि त्यानंतर, १९०० साली, त्यांनी बाप्तिस्मा घेतला. नवऱ्यामागून पाच वर्षांनी. ही पाच वर्षे मला टिळकांच्या सगळ्या प्रचारकार्याहून मोलाची वाटतात.

टिळक पुढे 'ज्ञानोदया'त लिहीत राहिले, कीर्तने करीत राहिले. परदेशी चालींवर बसविलेली भाषांतरित गीते म्हणणाऱ्या मराठी मंडळ्यांना त्यांनी अभंग, पदे, भजने दिली. आजच्या 'उपासना-संगीत' या मराठी गीतसंग्रहात त्यांचा वाटा मोठा आहे. घोरपड जशी भिंतीला तसा परकीय वेश धर्माला चिकटून बसला होता, तो सुटावा म्हणून त्यांनी आयुष्य घालविले. १९१७ साली त्यांनी मिशनची चाकरी सोडली आणि साताऱ्याला 'देवाचा दरबार' काढला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त एकत्र बसावेत अशी कल्पना होती. टिळक १९१९ च्या मे महिन्यात वारले आणि दरबार फार वाढला नाही. परंतु दारात रखवालदार न ठेवण्याची ती कल्पना ध्यानात ठेवण्यासारखी आहे. याच घरात बालकवी ठोंबरे काही काळ राहिले. १९०७ च्या जळगावच्या कविसंमेलनात हा मुलगा प्रथम पुढे आला, आणि टिळक पति-पत्नींनी त्याला नगरला आपल्याजवळ ठेवून घेतले. कवितेच्या बाबतीत टिळकांनी त्याला भरपूर दिले. तो ख्रिस्ती झाला नाही, आणि म्हणून त्या घरातले त्याचे ताट मागे सरले नाही.

आता दुसरी बाजू. ख्रिस्ती धर्माचे निमंत्रण आपल्या देशात नेहमी असेच आले असे म्हणणे सत्याला सोडून होईल. गोव्यात फादर थॉमस स्टीफन्स याने मराठी ओवीत 'ख्रिस्तपुराण' रचले आणि ते १६१६ साली छापले गेले; मराठीवर त्याचे निस्सीम प्रेम होते. पण त्याच गोव्यात १५६० पासून धर्मन्यायालय बसले होते आणि देवळे पाडली जात होती. ओवी कितीही गोड असली तरी तिच्यामागे शिपाई उभा असेल तर ऐकणाऱ्याने काय करावे? वऱ्हाडात शिपाई नव्हता, पण दुष्काळ होता. १८९६-९७ चा आणि १८९९-१९०० चा, असे दोन दुष्काळ पाठोपाठ पडले. मिशनांनी अनाथ पोरे उचलली आणि जगविली, हे त्यांचे ऋण कोणी नाकारू नये. तरीही उपाशी मुलाने भाकरीबरोबर घेतलेला धर्म हा निवडलेला धर्म आहे काय, ही शंका त्या वेळीही होती आणि ती वाजवी होती.

याहून अवघड प्रश्न पंडिता रमाबाईंच्या शारदासदनाचा आहे. तेथे शिपाईही नव्हता आणि उपासमारही नव्हती. विधवा मुलींसाठी ही शाळा १८८९ च्या मार्चमध्ये मुंबईत निघाली, पुढच्या वर्षी पुण्यास आली. रमाबाई स्वतः ख्रिस्ती. शाळा धर्माच्या बाबतीत तटस्थ राहील असे ठरलेले. रमाबाई आपल्या खोलीत प्रार्थना करीत तेव्हा दार उघडे असे. मुली येऊन बसू लागल्या. येऊ नका असे रमाबाई म्हणेनात. दार बंद का करावे, हा त्यांचा सवाल. १८९३ साली पुण्यात गहजब झाला, पालकांनी मुली काढून नेल्या, आणि रानडे व भांडारकर यांनी सल्लागार मंडळाचे राजीनामे दिले. ज्या रानड्यांनी सर्व मतांना व्यासपीठ मिळवून दिले, त्यांनाही येथे थांबता आले नाही.

यात कोणाचे चुकले? मी दोन्ही बाजू पुष्कळ घोळवून पाहिल्या आहेत. आपल्या खोलीचे दार उघडे ठेवण्याचा हक्क रमाबाईंना होता. स्वतःचा विश्वास लपवून ठेवणारी शिक्षिका मुलींना काय प्रामाणिकपणा शिकविणार? पण ज्या मुलीला त्या घराशिवाय आसरा नाही, तिला त्या उघड्या दाराचा अर्थ काय लागत असेल, हेही पाहिले पाहिजे. उपकार करणाऱ्याचे नुसते बोलावणेदेखील उपकृताला आग्रहासारखे ऐकू येते. टिळकांच्या डब्यातल्या गृहस्थाला हा प्रश्न पडला नाही, कारण पुढच्या स्टेशनावर दोघेही एकमेकांचे काही लागत नव्हते. शाळा, दवाखाना, अनाथालय चालविणाऱ्याला तो पडलाच पाहिजे. माझे मत असे की अशा ठिकाणी निमंत्रण जितके हळू आवाजात करावे तितके थोडे. आणि अज्ञान मुलांच्या बाबतीत पालकांच्या पाठीमागे करूच नये.

स्वतंत्र भारतात हाच वाद कायद्याच्या भाषेत आला. राज्यघटनेच्या २५ व्या कलमाने धर्म पाळण्याबरोबर त्याचा प्रसार करण्याचेही स्वातंत्र्य दिले. १९५४ साली मध्यप्रदेश सरकारने मिशनऱ्यांच्या कामाची चौकशी करण्यासाठी न्यायमूर्ती भवानीशंकर नियोगी यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. आपला जिल्हा त्या वेळी मध्यप्रदेशातच होता. १९५६ च्या अहवालात समितीने आमिष आणि दडपण यांवर कडक ताशेरे मारले. गंमत अशी की त्याच वर्षी ऑक्टोबरात डॉ. आंबेडकरांनी नागपूरला बौद्ध धर्माची दीक्षा घेतली, तेव्हा दीक्षा घेणाऱ्यांत हे नियोगीही होते. धर्मांतराची इतकी कठोर चौकशी केलेल्या मनुष्याने स्वतः विचारपूर्वक धर्म बदलावा, यात मला विसंगती दिसत नाही. पुढे १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की प्रसाराचा हक्क म्हणजे आपली तत्त्वे समजावून सांगण्याचा हक्क. दुसऱ्याचे धर्मांतर घडवून आणण्याचा हक्क त्यात येत नाही. या निर्णयावर ख्रिस्ती विचारवंतांनी टीका केली आहे, आणि तिच्यात तथ्यही आहे, कारण समजावून सांगितलेले एखाद्याला पटले तर पुढे काय, हा प्रश्न उरतोच. तरी समजावून सांगणे आणि घडवून आणणे यांत न्यायालयाने केलेला भेद आपल्या अक्षतीच्या आणि आग्रहाच्या भेदाजवळ जाणारा आहे.

आता ऐकणाऱ्याविषयी थोडे. पुष्कळ सुशिक्षित मंडळी असे बोलावणे एका वाक्यात निकालात काढतात: सगळे धर्म एकच सांगतात, मग पाहायचे काय? हे वाक्य उदार वाटते, परंतु ते न पाहण्याची सबब म्हणून वापरले जाते. ख्रिस्ती माणूस येशूला संतमालिकेतला आणखी एक मणी मानीत नाही. देवाने त्याच्या रूपाने मनुष्यजन्म घेतला, तो क्रूसावर मेला तो माणसांच्या पापांसाठी, आणि तिसऱ्या दिवशी उठला, असे तो मानतो. अवतार ही कल्पना आपल्याला नवी नाही. पण एकदाच झालेला आणि गुन्हेगाराच्या मरणाने मेलेला अवतार ही कल्पना नवी आहे, आणि ती ऐकून ठेच लागणे स्वाभाविक आहे. कर्माच्या हिशेबाची सवय असलेल्या मनाला क्षमेची ही रीत अन्यायाचीही वाटेल. ही ठेच लागू द्यावी. सौम्य निमंत्रण म्हणजे कडू भाग झाकून ठेवलेले निमंत्रण असे होऊ नये. ती फसवणूक होईल. न पटल्यास पुस्तक मिटावे. मात्र न वाचता मिटू नये, एवढेच.

बोलावणाऱ्यालाही एक गोष्ट सांगितली पाहिजे. जो आपल्या घरी बोलावतो त्याने दुसऱ्याच्या घरीही जावे. जस्टिन अ‍ॅबट हा अमेरिकन मिशनरी येथे शिकवायला आला. निवृत्तीनंतर अमेरिकेत परतल्यावर म्हातारपणाची वर्षे त्याने आपल्या संतांची चरित्रे आणि वचने इंग्रजीत आणण्यात घालविली. बहिणाबाईंचे आत्मचरित्र आणि महिपतींनी लिहिलेल्या संतकथा पाश्चात्त्य वाचकांपर्यंत गेल्या त्या मुख्यत्वे त्याच्यामुळे. नरहर गोडबोले यांच्यासारख्या नावांची यादी देण्यापेक्षा एवढेच म्हणतो की या कामात मराठी पंडितांचा हात त्याने मोकळेपणाने घेतला. तो शेवटपर्यंत ख्रिस्तीच राहिला आणि तुकोबांचा वाचकही.

ज्यांना हे निमंत्रण स्वीकारून नुसते पाहून यायचे आहे, त्यांच्यासाठी वाट सोपी आहे. मार्काचे शुभवर्तमान सोळा लहान अध्यायांचे आहे. एका दुपारी वाचून होते. त्यानंतर मत्तयाचे पाच ते सात हे अध्याय घ्यावेत, जेथे टिळक थबकले. आणि मग लूकाचा पंधरावा, ज्यात घर सोडून गेलेल्या मुलाची आणि वाट पाहणाऱ्या बापाची गोष्ट आहे. त्या गोष्टीतला घरी राहिलेला थोरला भाऊ आपल्याला चांगलाच ओळखीचा वाटेल. भाषा जड वाटली तर रमाबाईंचे भाषांतर शोधावे. हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी साध्या बायकांना समजेल अशा मराठीत सबंध बायबल आणले. १९२२ साली त्या वारल्या आणि १९२४ साली ते प्रसिद्ध झाले. रविवारी सकाळी आपल्या गावच्या मंडळीत मागच्या बाकावर जाऊन बसले तर कोणी नाव विचारण्यापलीकडे काही विचारणार नाही. टिळकांचे एखादे भजन कानावर पडण्याचा संभव पुष्कळ आहे.

आणि 'स्मृतिचित्रे' तर वाचावेच. धर्माची मुळीच गोडी नसली तरी मराठीची गोडी म्हणून. टिळकांनी 'ख्रिस्तायन' हे ओवीबद्ध महाकाव्य लिहावयास घेतले होते. थोडे अध्याय झाले आणि ते वारले. राहिलेले साठाहून अधिक अध्याय लक्ष्मीबाईंनी लिहून काढले. शाळेत न गेलेल्या, अक्षरओळख नवऱ्याकडून लग्नानंतर झालेल्या, आणि त्याच्या हातचे पाणीही एके काळी न चालणाऱ्या बाईंनी.